काहीच होत नाही, मग हे सगळं कशासाठी?

एका वाचक ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात. थोडं आटोपशीर करून देते:

'वय ३८. पाच-सहा वर्षं हिमोग्लोबिन कमी. लोहाच्या गोळ्या घेतल्या की जरा वर यायचं, थांबवल्या की पुन्हा खाली. शेवटी डॉक्टरांनी रक्ताची वेगळी तपासणी सांगितली, मग दुर्बिणीतून आतड्याचा नमुना घेतला आणि निदान झालं, सिलिॲक. ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, आयुष्यभर बंद. त्याला तीन महिने झाले. घरात आम्ही पाच जण, स्वयंपाक माझ्याकडे. सगळ्यांची कणीक मीच मळते आणि स्वतःचं वेगळं शिजवते. सासूबाई म्हणतात, चिमूटभरानं काय होतंय, आमच्या वेळी नव्हती असली थेरं. नवरा काहीच बोलत नाही. खरं सांगू? मला पोटाचा त्रास कधीच नव्हता. मुलीच्या ताटात उरलेला तुकडा कधीमधी तोंडात टाकते, काहीसुद्धा होत नाही. मग हे सगळं कशासाठी? कुणाकडे जेवायला जाणंही मी सोडलंय. मुलगी ९ वर्षांची आहे. तिलाही हे होईल या धास्तीनं तिचाही गहू बंद करावा असं मनात येतं.'

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही 'खरं सांगू?' म्हणत मध्येच सरकवून दिलंय. सासूबाई, नवरा, आमंत्रणं हे सगळं नंतर बघू. आधी तो तुकडा.

काहीसुद्धा होत नाही असं तुम्हाला वाटतं, कारण तुम्ही पोटाला विचारताय. पण तुमच्या पोटानं आधी तरी कधी तोंड उघडलं होतं? पाच-सहा वर्षं आतडं आतून खराब होत होतं तेव्हाही ते गप्पच होतं. तक्रार आली ती रक्तातून. आपण खाल्लेलं लोह मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि सिलिॲकमध्ये सगळ्यात आधी मार बसतो तो नेमका तिथेच. म्हणून गोळ्या चालू असताना जेमतेम भागायचं आणि थांबल्या की घसरण. तुमचा आजार मुका आहे, एवढाच त्याचा अर्थ. सौम्य आहे असा नव्हे.

आत काय चालतं तेही सांगते, कारण 'पथ्य पाळा' एवढ्यावर कुणी फार दिवस पथ्य पाळत नाही. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी लव असते, तिच्यामुळेच अन्न शोषायला भरपूर जागा मिळते. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेनचे काही तुकडे पूर्ण पचत नाहीत. सिलिॲक असलेल्या माणसाचं शरीर त्या तुकड्यांना शत्रू समजतं आणि त्यांच्यावर तुटून पडताना स्वतःच्याच आतड्याला जखमी करतं. लव झडते, सपाट होते. ही ॲलर्जी नाही आणि पचनाचा अशक्तपणाही नाही. शरीराची संरक्षण यंत्रणाच इथे चुकीच्या जागी वार करते. त्यामुळे 'हळूहळू सवय करून घे', 'पचनशक्ती वाढव' हे सल्ले कितीही प्रेमानं दिलेले असले तरी इथे लागू नाहीत.

आता चिमटीचा हिशेब. सिलिॲकच्या रुग्णांवर एक अभ्यास झाला होता. त्यात रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेलं, तेवढ्यानंही आतड्याचं नुकसान दिसलं. पावाच्या एका साध्या स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम ग्लूटेन असतं. म्हणजे ५० मिलिग्रॅम हा त्या स्लाइसचा चाळिसावा भाग झाला. मुलीच्या ताटातला तुकडा त्याहून बराच मोठा असणार. सासूबाई म्हणतात ती चिमूट मात्र साधारण त्याच मापाची आहे.

वरवर बरं दिसणं किती फसवं असतं, याची या आजाराच्या इतिहासातच एक गोष्ट आहे. १९२४ साली सिडनी हास नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी अशा आजारी मुलांना केळ्यांवर ठेवायला सुरुवात केली. पाव, बिस्किटं, सगळी धान्यं बंद. मुलं खरोखर सुधारली, आणि श्रेय मिळालं केळ्याला. बरी झाली म्हणून मुलं पुन्हा गहू खाऊ लागली की आजारही परत यायचा, कारण खरा गुण केळ्याचा नव्हताच, ताटातून गेलेल्या गव्हाचा होता. हे पक्कं मांडलं विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी. त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे नेदरलँड्समध्ये पावाचा भयानक तुटवडा झाला आणि आजूबाजूचे लोक उपासमारीनं खंगत असताना ही आजारी मुलं मात्र सुधारताना दिसली. १९५० साली त्यांनी हे प्रबंधात लिहिलं. म्हणजे 'आमच्या वेळी नव्हतं' हे खरं नाही. लंडनचे सॅम्युअल जी यांनी या आजाराचं वर्णन १८८८ मध्येच छापलं होतं. आजार तेव्हाही होता, तो ओळखणाऱ्या रक्ततपासण्या नव्हत्या. पण हे सासूबाईंना ऐकवू नका. इतिहास सांगून कुणाची सासू पटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

त्यांच्यासाठी वेगळा उपाय. तुमच्या रक्तात टीटीजी नावाची प्रतिपिंडं, म्हणजे या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणा तयार करते ती हत्यारं, मोजली असतील, त्याचा आकडा रिपोर्टवर आहे. पथ्य सुरू झाल्यावर साधारण सहा महिन्यांनी ती परत मोजतात, मग वर्षानं. त्या भेटीला सासूबाईंना बरोबर न्या आणि डॉक्टरांसमोर तोच प्रश्न त्यांच्याच तोंडून विचारला जाऊ द्या: 'चिमूटभर चालेल का?' घरातल्या बाईनं नाही म्हटलं की तो हट्ट ठरतो आणि डॉक्टर म्हणाले की ते पथ्य होतं. अन्याय आहे खरा, पण उपयोगी आहे. तोवर वाद घालू नका. 'मला चालत नाही' एवढं एकच वाक्य, दर वेळी तेच, आवाज न चढवता.

मात्र हे सगळं करायचं तर तो तुकडा आजपासून बंद. तुम्ही अधूनमधून खाताय हे सासूबाईंनी पाहिलं असेल, तर त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबरच आहे.

आता स्वयंपाकघर, कारण तुमच्या बाबतीत खरी जोखीम तिथे आहे. कणीक तुम्ही मळता, हे वाचून मी थबकलेच. कोरडं पीठ चाळताना, ओतताना उडतं, नाकातोंडात जातं, ओट्यावर बसतं, तुमच्या वेगळ्या भांड्यातही पडतं. वेगळं शिजवण्याचे सगळे कष्ट त्या उडालेल्या पिठात वाया जाऊ शकतात. म्हणून एक गोष्ट मी ठामपणे सांगेन: गव्हाच्या पिठाचं काम घरातल्या दुसऱ्या कुणी तरी करायचं. नवरा गप्प आहे ना, मग हे काम त्याचं. गप्प माणूस दर वेळी बेफिकीर असतो असं नाही. पुष्कळदा काय करायचं ते न कळल्यानं तो गप्प असतो. 'मला समजून घे' असं म्हणून त्याला काही कळणार नाही. 'सकाळची कणीक तू मळायचीस, मळून झाल्यावर ओटा ओल्या फडक्यानं पुसायचा आणि ते फडकं माझ्या भांड्यांना लावायचं नाही' हे कळेल. मळायला येत नाही म्हणाला तर शिकेल. शिकेपर्यंत घरातल्यांनी जरा वेडंवाकडं खावं.

याहून सोपा मार्ग म्हणजे दिवसातलं एक जेवण सगळ्या घरानं बिनग्लूटेनचंच जेवायचं. भात, डाळी, कडधान्यं, भाज्या, दूध, दही, अंडी, मासे, मांस, फळं, दाणे यांत मुळात ग्लूटेन नसतंच. एवढ्यात पाच माणसांचं चांगलं जेवण होतं. तुमचे निम्मे कष्ट वाचतील, आणि ताटात वेगळं काही वाढून घेण्याचा जो सल आहे तो दिवसातून एकदा तरी नसेल.

भांड्यांबद्दल लोक एकतर फार घाबरतात, नाहीतर अजिबात विचार करत नाहीत. स्टील, काच, चिनीमाती साबणानं नीट घासली की वापरा, खुशाल. त्यांचा वेगळा संसार मांडायची गरज नाही. वेगळ्या हव्यात त्या फटी, छिद्रं, चरे असलेल्या वस्तू. चाळणी, गाळणी, लाकडी लाटणं, कापायची लाकडी फळी, लाकडी चमचे, चरे पडलेला तवा, टोस्टर. त्यांवर रंगीत दोरा बांधा किंवा नेलपॉलिशचा ठिपका द्या, म्हणजे रोज सांगत बसायला नको. लोणी, जॅम यांची एक बरणी फक्त तुमची, कारण पावाला लागलेली सुरी बरणीत परत गेली की चुरा आत गेलाच. ज्या तेलात मैद्याचं काही तळलंय ते तेल तुमच्यासाठी बाद. उकळून, तापवून, भाजून ग्लूटेन जात नाही, ते काही जंतू नव्हे जे उष्णतेनं मरेल. हातही साबण-पाण्यानंच धुवायचे. सॅनिटायझरनं ग्लूटेन निघत नाही. आणि चव बघताना चमचा कोणत्या भांड्यातून आला, ते बघायचं. ही चूक स्वयंपाक करणाऱ्याकडूनच जास्त होते.

पॅकेटातल्या 'ग्लूटेन-फ्री' बिस्किटं, केक, पाव यांच्या मागे लागू नका असं माझं स्पष्ट मत आहे. निदान झालं की माणूस आधी जे गेलं त्याची नक्कल शोधत दुकानं पालथी घालतो. त्या वस्तू महाग असतात, बऱ्याचदा त्यांत साखर आणि चरबी जास्त, तंतू कमी. प्रवासात सोबत ठेवायला ठीक. रोजच्या पोटभरीला ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, राजगिरा, कुट्टू ही धान्यं आलटून पालटून वापरा. तिन्ही वेळा भातच खाऊ नका, तंतू कमी पडतात, शिवाय तांदळात आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा जास्त साठतं. या पिठांना ग्लूटेनचा चिकटपणा नसल्यानं ती तुटतात, फाटतात. गरम पाण्यात भिजवून थोडा वेळ झाकून ठेवली, किंवा भाजलेल्या पदार्थात थोडं इसबगोल घातलं, तर पुष्कळ फरक पडतो. पहिले काही प्रयत्न दगडासारखे होणार, ते धरूनच चाला. मात्र ही पिठं दळली कुठे जातात ते बघा. ज्वारी स्वतः निर्दोष आहे, पण गव्हामागोमाग त्याच यंत्रात दळलेली ज्वारी निर्दोष राहत नाही. धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळता आलं तर उत्तम, नाहीतर बंद पाकिटातलं, ग्लूटेन-फ्री असं छापलेलं पीठ घ्या.

त्या छापण्याला अर्थ आहे. आंतरराष्ट्रीय मापदंडाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसेल तरच तसं लिहिता येतं. दिवसभरात असा माल अर्धा किलो खाल्ला तरी फार तर १० मिलिग्रॅम होतं, म्हणजे मघाच्या ५० च्या बरंच खाली. पण 'गहू नाही' आणि 'ग्लूटेन नाही' यांत फरक आहे. गहू नसलेल्या मालात जव असू शकतं, आणि जव बहुतेक वेळा 'माल्ट' या नावाखाली लपतं. माल्टचं पेय, माल्टचा अर्क, माल्ट व्हिनेगर, साधी बिअर, बरीचशी सोया सॉस या सगळ्यांवर फुली. रवा, मैदा, दलिया, बल्गर, कुसकुस, स्पेल्ट ही सगळी गव्हाचीच रूपं. आता उलट बाजूची, उगाच घाबरू नये अशी यादीही आहे: कुट्टूला इंग्रजीत बकव्हीट म्हणत असले तरी त्याचा गव्हाशी संबंध नाही. ग्लुकोज सिरप आणि माल्टोडेक्स्ट्रिन गव्हापासून केलेलं असलं तरी प्रक्रियेनंतर त्यात नगण्य ग्लूटेन उरतं. ओट्सचं जरा नाजूक आहे. शुद्ध ओट्स बहुतेकांना चालतात, थोड्यांना नाही, आणि बाजारातल्या साध्या ओट्समध्ये गहू-जव बऱ्याचदा मिसळलेले असतात. पहिले काही महिने नकोच, पुढे डॉक्टरांना विचारून. कोणतंही औषध घेताना औषधवाल्याला ग्लूटेनबद्दल विचारायचं, हेही लक्षात असू द्या. ग्लूटेन पचवणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती दिसतील. त्यांच्या भरवशावर गहू खायचा नाही.

आमंत्रणांबद्दल. जाणं सोडलंत, हे मला त्या तुकड्याइतकंच काळजीचं वाटलं. कडक राहायचं ते ताटाच्या बाबतीत, माणसांच्या बाबतीत नव्हे. जायच्या दोन दिवस आधी फोन करा, आणि 'माझं जरा डाएट आहे' असं चुकूनही म्हणू नका. त्यावर समोरचा 'आजच्या दिवस चालतं गं' म्हणणारच. 'मला आतड्याचा आजार आहे, गहू, मैदा, रवा पोटात गेला की आतड्याला इजा होते' असं सरळ सांगा. मग 'यात ग्लूटेन आहे का?' असं न विचारता, उत्तर देता येईल असं विचारा: रस्सा दाट करायला पीठ लावता का, तळणीचं तेल वेगळं आहे का, भात वेगळ्या पातेल्यात असतो का. समोरची व्यक्ती गोंधळली तर तिला वाईट वाटू देऊ नका. घरून थोडं खाऊन जा, डबा न्या, तिथे फळं घ्या, गप्पा मारा. काही जण नाक मुरडतील. मुरडू देत.

आणि एवढं करून कधीतरी चुकून जाईलच पोटात. त्या दिवशी उपास, जुलाबाच्या गोळ्या, काढे असलं काही करायचं नाही. पाणी प्या, नेहमीचं जेवा, कशातून गेलं ते शोधून लिहून ठेवा. एका अपघातानं तुमचे महिने वाया जात नाहीत. रोजच्या 'थोडंसं'नं जातात. अपराधी वाटून रडत बसण्यापेक्षा ती बरणी बदला. बाकी, आवडतं खाणं कायमचं गेलं याचं दुःख होणं वेगळं. ते होऊ दे. 'लोकांना किती मोठे आजार असतात' असं म्हणून ते दाबायची गरज नाही.

वेळ किती लागेल? आतडं भरून यायला मोठ्या माणसांत पुष्कळदा दोन वर्षं लागतात, काहींना जास्तही. लहान मुलांत लवकर होतं. तोवर लोहाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तशा घ्यायच्या, मनानं थांबवायच्या नाहीत. बी१२, फोलेट, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांबद्दल विचारा, हाडांची घनता मोजायची का तेही विचारा, कारण कॅल्शियमचं शोषणही इतकी वर्षं बिघडलेलं असू शकतं. दूध सध्या पचत नसेल तर ते बऱ्याचदा तात्पुरतं असतं, आतडं सुधारलं की परत पचू लागतं. वजन वाढलं, तर घाबरू नका. अन्न आता कुठे अंगी लागायला लागलंय. तुम्हाला पोटाची लक्षणं नसल्यानं तुमच्यासाठी रिपोर्ट हाच खरा आरसा आहे. 'बरं वाटतंय' म्हणून एकही तपासणी चुकवू नका.

शेवटी मुलगी. आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यापैकी एकाला सिलिॲक असेल तर इतरांना तो असण्याची शक्यता साधारण दहात एक इतकी असते. सर्वसाधारण लोकांत ती शंभरात एकाच्या आसपास. म्हणजे तपासायला हवं, आणि दहांतल्या नऊंना नसतो हेही तितकंच खरं. तुमच्या भावंडांना आणि आई-वडिलांनाही तपासून घ्यायला सांगा, त्यांना काही त्रास नसला तरी. तुम्हाला तरी कुठे होता? मुलीच्या रक्ताची टीटीजी तपासणी करताना एकूण आयजीए (ही प्रतिपिंडं ज्या गटात मोडतात तो गट) किती आहे तेही मोजायला सांगा, कारण ते मुळातच कमी असेल तर टीटीजी खोटंच नॉर्मल येतं. आज नसेल तर पुढे कधीच होणार नाही असं नाही, म्हणून परत कधी तपासायचं ते विचारून ठेवा. एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ या जनुकांची तपासणीही असते. दोन्ही नसतील तर हा आजार होण्याची शक्यता जवळपास संपते. असतील तर त्यावरून काही ठरत नाही, कारण आजार नसलेल्या कितीतरी लोकांतही ती असतात.

आणि ही टीटीजी तपासणी तिच्या ताटात गहू चालू असतानाच व्हायला हवी. गहू बंद केला की प्रतिपिंडं उतरतात, आतडं सुधारू लागतं आणि तपासणीत काही सापडत नाही. मग खरं काय ते शोधायला तिला पुन्हा कित्येक आठवडे मुद्दाम गहू खायला घालावा लागेल. तेव्हा या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या, आणि तिचं रक्त देऊन, रिपोर्ट बघून डॉक्टर पुढचं सांगेपर्यंत तिला नेहमीसारखंच जेवू द्या. उरलेलं तिच्या वडिलांनी संपवावं.